चिकू लावला, निंबोळीएवढी फळं लागली

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठाला. २००९ च्या पावसाळ्यात आमच्या ह्यांनी एका नर्सरीतून चिकूची दोन कलमं आणली. एक महिन्याभरातच गेलं. दुसरं जगलं, पण पुढच्या उन्हाळ्यात त्याचाही शेंडा वाळून कोळ झाला. मी भांडी विसळलेलं पाणी घालत राहिले, तर आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, बुडापासून तीन फुटवे आले. तेच वाढवले. झाड वाढतं फार हळू. इतक्या वर्षांत जेमतेम घराच्या धाब्याच्या वर डोकं काढलंय. पान मोडलं की चिकूसारखा पांढरा चीक येतो, पण चिकू कधीच लागला नाही. तीन वर्षांपूर्वी मूठभर पिवळी फळं आली, आणि यंदा आखाजीला लेकी माहेरी आल्या तेव्हा सगळं झाड पिवळं झालं होतं. फळ निंबोळीएवढं, आत एकच बी. नातवंडं खातात, गोड आहे म्हणतात, ओठ चिकटतात. सूनबाई घाबरते. सासूबाई म्हणतात, “हाई चिकूनं झाड नही शे.” कोणी बकुळ म्हणतं, कोणी मोह. आमच्या गल्लीतल्या जैन किराणा दुकानदारांच्या आई आल्या होत्या, त्या झाडाला हात जोडून गेल्या. मुलगा म्हणतो नर्सरीवाल्यानं फसवलं, झाड तोडू आणि ट्रॅक्टरसाठी पत्र्याची शेड टाकू. पानं आणि बिया सोबत पाठवते. हे झाड कशाचं? मुलांनी खाल्लं तर चालेल का? आणि तोडू का?
— एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : ताई, आधी नातवंडांचं सांगते. खाऊ द्या. तुमच्या अंगणात खिरणी आहे. तिलाच आपल्याकडे रांजण, राजण म्हणतात आणि नंदुरबारच्या पलीकडे गुजरातेत गेलं की रायण. सूनबाईंना सांगा, फळ निर्धोक आहे, नुसतं बी गिळू देऊ नका एवढंच.

आता हे मी कशावरून म्हणते ते सांगते, कारण नुसत्या वर्णनावरून कुठलंच फळ खाण्याजोगं ठरवू नये. पांढरा चीक आणि पिवळा रंग एवढ्यावर मी कधीच ‘खा’ म्हटलं नसतं. पिवळ्या कण्हेरीलाही, म्हणजे आपल्या बिट्टीलाही, असाच पांढरा चीक येतो आणि तिचं बी जिवावर बेतणारं विष आहे. खानदेशात निम्म्या अंगणांत बिट्टी असते आणि मुलं तिच्या बियांनी खेळतात. म्हणून मी पानं-बिया मागवल्याशिवाय उत्तर देत नाही. तुम्ही न मागता पाठवल्यात, त्याबद्दल मनापासून धन्यवाद.

तुमच्या पाकिटातली पानं वाळून वाकडी झाली होती. मी ती रात्रभर पाण्याच्या ताटलीत ठेवली, सकाळी टॉवेलवर पसरली. पान जाड, चामड्यासारखं, वरून गडद हिरवं, खालून फिकट. आणि शेंडा! झाडाचं नाव तिथेच लिहिलेलं होतं. पानाला टोक नाही. जिथे टोक असायला हवं तिथे कोणी नखानं दाबावं तशी आत गेलेली खाच आहे. सातही पानांना ती होती. चिकूचं पान दोन्ही अंगांनी निमुळतं होत जातं. बकुळीच्या पानाला पुढे टोक असतं आणि कडा लाटेसारखी वरखाली होते. तुमच्या पानाची कडा सरळ.

मग बिया. सुती दोऱ्यानं बांधलेल्या पुडीत अकरा निघाल्या. चिकूची बी तुम्ही पाहिलेली आहे : काळी, चपटी, एका टोकाला बारीक आकडा. ही तशी नाही. साधारण एक सेंटिमीटर लांब, फुगीर, तांबूस-तपकिरी आणि इतकी चकचकीत की वाटावं तेल लावलंय. भिंग घेऊन मी तिचा डाग पाहिला. बी फळाला जिथे जोडलेली असते तिथे एक खरबरीत, बिनचमकेचा डाग राहतो. बकुळीच्या बीवर तो अगदी तळाशी, छोटा आणि गोल असतो. तुमच्या बियांवर तो तळापासून पोटाकडे वर चढत गेलेला, लांबट आहे. बकुळ तिथेच बाद झाली. कोणाला फुलांवरून ओळखायचं असेल तर हिवाळ्यात पाहा : खिरणीच्या फुलाला सहा पुंकेसर असतात आणि तिच्या शास्त्रीय नावातल्या ‘हेक्झँड्रा’चा अर्थ तोच. मॅनिलकारा हेक्झँड्रा. बकुळीच्या फुलासारखा घमघमाट तिला नाही.

पण ज्यांनी बकुळ म्हटलं, मोह म्हटलं, त्यांना चुकीचं ठरवायची मला अजिबात घाई नाही. चिकू, खिरणी, बकुळ आणि मोह ही चारही झाडं एकाच कुळातली, वनस्पतिशास्त्रात ज्याला सॅपोटेसी म्हणतात त्यातली. म्हणजे तुमच्या गल्लीतल्या प्रत्येकानं त्याच घरातल्या कोणा ना कोणाचं नाव घेतलं. चीक, पानाचं जाडपण, बीची चमक हे सगळं घरातलं साम्य आहे आणि ते त्यांच्या नजरेनं बरोबर टिपलं. मी ३१ वर्षं धुळ्याला वनस्पतिशास्त्र शिकवलं, वर्गातली मुलं इतकं जवळ जायला तीन तासिका घ्यायची.

आता चिकू लावला तिथे खिरणी कुठून आली?

ती कुठून आली नाही ताई, ती पहिल्या दिवसापासून तुमच्या पिशवीत होती. चिकूचं झाड बियांपासून केलं तर फळाला फार वर्षं लागतात आणि गोडीचा भरवसा नसतो. म्हणून कलम करतात. कलमाला खाली मुळांसाठी दुसऱ्या झाडाचं रोप लागतं, त्याला खुंट म्हणतात. चिकूसाठी आपल्याकडे खुंट म्हणून खिरणीच धरतात. खिरणीचं बी रुजवायचं, ते रोप पेन्सिलीएवढं जाड व्हायला दीड-दोन वर्षं जाऊ द्यायची. मग कुंडीतलं ते रोप चिकूच्या मोठ्या झाडाच्या फांदीपाशी नेऊन दोघांची साल थोडी तासून एकमेकांना बांधायची. ही भेटकलम. दोन-अडीच महिन्यांनी जोड बसला की वरून खिरणीचा शेंडा कापायचा, खालून चिकूची फांदी मातृझाडापासून तोडायची. वर चिकू, खाली खिरणी. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या असोत की आपल्या तापीकाठच्या बागा, कालीपत्ती जातीच्या चिकूची कलमं अशीच बांधलेली असतात आणि त्यांच्याखाली बहुतेक ठिकाणी खिरणीचीच मुळं असतात.

तुमच्याकडे २०१० च्या उन्हाळ्यात वरचा चिकू जळाला. खालची खिरणी जिवंत राहिली आणि जोडाच्या खालून फुटली. तुम्ही तिलाच चिकू समजून वाढवलंत. कोणीही वाढवलं असतं, कोवळी पानं पुष्कळ सारखी दिसतात.

हा माझा अंदाज होता, म्हणून छापायच्या आधी मी तुम्हाला फोनवर एक काम सांगितलं : तिन्ही खोडं जिथे एकत्र होतात तिथली माती खुरप्यानं हळूहळू उकरा. तुम्ही दुसऱ्या दिवशी कळवलंत की चार बोटं खाली मधोमध एक बोटाएवढी पोकळी निघाली, आत लाकडाचा भुसा, आणि भुशात प्लास्टिकच्या पट्टीचं एक वेटोळं. लाकूड कुजलं, पट्टी तशीच आहे. कलम बांधताना जोडावर गुंडाळतात तीच ती पट्टी. भुसा झालेलं लाकूड म्हणजे तुमचा चिकू.

तेव्हा मुलाला सांगा, नर्सरीवाल्यानं फसवलेलं नाही. त्यानं कलम खरं दिलं होतं. लावताना जोड मातीत गेला नाही ना, पहिले दोन उन्हाळे वर सावली केली का, खालचे फुटवे खुडले का, हे कोणी सांगितलं नाही, ती उणीव झाली. कलम देताना हे दोन शब्द सांगायलाच हवेत असं मला फार वाटतं.

आता तोडण्याचं. ताई, तोडू नका. मी हे रीत म्हणून लिहीत नाहीये.

माझं माहेर शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आमच्या शेताच्या बांधावर एक रांजण होता, माझ्या आजोबांनी लहानपणी पाहिला तेव्हाही मोठाच होता. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा शेतात हिरवं म्हणून काही उरलेलं नसायचं, तेव्हा तो गच्च हिरवा असायचा आणि पिवळ्या फळांनी भरलेला. पानगळ ती ओळखतच नाही. पहाटे खाली पडलेली फळं आम्ही ओच्यात गोळा करायचो. आठवड्याच्या बाजारात पावरा आणि भिल्ल बाया टोपलीत पळसाच्या पानांवर खिरण्या घेऊन बसायच्या, शेजारी चारोळी, टेंभरं. विहिरीची मोटर बसवायची म्हणून काकांनी तो रांजण १९८४ साली विकला. दोन माणसं, करवत, आणि तीन दिवस लागले. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, म्हणूनच पूर्वी तेलाच्या घाण्याला आणि घराच्या खांबांना ते वापरायचे. बांधावर नंतर किती झाडं लावली. रांजण परत लावलेला नाही, कारण आज लावला तर फळं कधी खायची, असं प्रत्येकालाच वाटलं.

हाच खिरणीचा खरा प्रश्न आहे. बियांपासून लावली तर फळ यायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात, म्हणून नवी कोणी लावत नाही आणि जुनी तोडली जातात. तुमच्या घरानं ती पंधरा वर्षं नकळत काढून टाकलेली आहेत! फळ आत्ता कुठे सुरू झालंय. शेड चार हात सरकेल.

आणि चिकूचं मन असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या दमट भागातला, आपल्याकडे तो समुद्रकाठी खुश असतो. पारा ४३ च्या वर गेला की त्याचा फुलोरा गळतो, कोवळी फळं भाजतात. आपल्या अमळनेर-जळगावला मे महिन्यात ४५ काही नवलाचं नाही. खिरणी इथली आहे. भारत आणि श्रीलंकेच्या कोरड्या रानातलं झाड ते, मुळं खोल जातात, पाण्यावाचून तग धरतं. याच गुणासाठी तिला चिकूच्या खाली बसवतात. तुमच्या अंगणात दोघांची परीक्षा एकाच उन्हाळ्यात झाली आणि कोण राहिलं ते तुम्ही पाहिलंतच.

खिरणीच्या फांद्या कापून, नव्या फुटव्यांवर पुन्हा चिकू बांधता येतो का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. येतो. जाणता माळी असेल तर पावसाळ्यात बांधून देईल. पण मी ते करायला सांगणार नाही. चिकू हवाच असेल तर या झाडापासून तीस फुटांवर, भिंतीची दुपारनंतरची सावली मिळेल अशा जागी नवं कलम लावा.

ओठ चिकटण्याचं सांगते. ताज्या फळात चीक असतो, पाच-सात खाल्ली की ओठ आणि टाळू ओढल्यासारखी होते, जास्त खाल्ली तर जीभ चरचरते. फळं पूर्ण पिवळी झाल्यावरच काढा, देठाकडून हिरवट असलेलं नको. धुऊन परातीत पसरून रात्रभर ठेवा. सकाळी ती थोडी सुरकुततात, चीक कमी होतो आणि गोडी वाढते. मुलांच्या ओठांना आधी तुपाचं बोट फिरवा. खूप आली तर उन्हात वाळवा : खारकेसारखी होतात, वर्षभर टिकतात. गुजरातेत वाळवलेल्या रायणीला कोकडी म्हणतात आणि ती दुकानात मिळते, उपासालाही खातात. तुमच्या धाब्यावर मे महिन्यात तीन-चार दिवसांत कडक वाळतील, फक्त खारींपासून आणि मैनांपासून राखायला कोणीतरी बसवा.

दुकानदारांच्या आईंनी हात का जोडले, तेही सांगते. संस्कृतात हे झाड राजादन, म्हणजे राजानं खावं असं. रायण, राजण ही नावं त्यातूनच आली. गुजरातेत पालिताण्याला शत्रुंजय डोंगरावर, जैनांच्या मोठ्या तीर्थावर, पहिले तीर्थंकर आदिनाथ यांच्या पादुका रायणीच्या झाडाखाली आहेत आणि यात्रेकरू त्या झाडाला प्रदक्षिणा घालतात. त्या माउली तिथे जाऊन आल्या असतील, किंवा लहानपणापासून ऐकलं असेल. तुमच्या सगळ्या गल्लीत झाडाला बरोबर ओळखणारं माणूस त्या एकट्याच. यंदाच्या वाळवलेल्या खिरण्यांतली एक वाटी त्यांच्याकडे नक्की पाठवा.

शेवटची विनंती. या अकरा बिया मी ठेवून घेतल्या आहेत, पण जुन्या झाल्या, त्यांचा भरवसा नाही. खिरणीचं बी ताजं असतानाच रुजतं. पुढच्या आखाजीला पिकलेल्या फळांतून बिया काढल्या की आठवड्याच्या आत पिशव्यांत टोचा. टरफल फार कठीण असतं, दगडानं अगदी हलकं टिचकवलं तर लवकर उगवतात. आतला गर चेचू नका. ज्यांना पंधरा वर्षं थांबायचं नाही त्यांच्यासाठी आता खिरणीचंही कलम निघालं आहे. गुजरातेत गोध्र्याजवळ वेजलपूरच्या केंद्रीय फळबाग प्रयोग केंद्रानं ‘थार ऋतुराज’ नावाचा वाण निवडला आहे. खिरणीवर खिरणीचंच कलम, बियांच्या झाडापेक्षा खूप लवकर फळणारं. आपल्या बांधांवर ते यावं असं मला फार वाटतं. पण तुमच्या झाडाच्या बियांची दोन रोपं माझ्यासाठी बाजूला ठेवा. एक शिरपूरच्या बांधावर लावीन.

प्रश्न : शहादा तालुक्यात आम्ही मागच्या पावसाळ्यात वीस चिकूची कलमं लावली. सहा कलमांना बुडापासून तरतरीत फुटवे आलेत, वरचा भाग मात्र रेंगाळलाय. फुटवे ठेवावेत का? झाड डेरेदार होईल असं शेजारी म्हणतात.
— एक शेतकरी, शहादा

उत्तर : दादा, वरचं पत्र आधी वाचा, तुमचं उत्तर त्यात आहे. ते फुटवे खिरणीचे आहेत. खात्री हवी असेल तर जून झालेल्या पानाचा शेंडा पाहा, खाच दिसेल. ते मुळांचं सगळं अन्न ओढून घेतात, म्हणूनच वरचा चिकू रेंगाळला आहे. आजच काढा.

पण त्याआधी प्रत्येक कलमाच्या वरच्या भागाची साल नखानं किंचित खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर चिकू जिवंत आहे. मग जोडाच्या खालचे सगळे फुटवे, जिथून निघालेत तिथून, धारदार चाकूनं खोडालगत कापा. हातानं ओढून सालपटं काढू नका. जखमेवर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावा. जोड मातीत गाडला गेला असेल तर माती बाजूला करून तो वितभर तरी उघडा राहील असं करा. पुढचे दोन उन्हाळे पश्चिमेकडून तुराट्यांचा आडोसा द्या आणि महिन्यातून एकदा बुडाशी वाकून बघा, फुटवे परत परत येतात.

साल खरवडल्यावर आत तपकिरी, कोरडं दिसलं तर त्या कलमातला चिकू गेला. तिथे एकच जोमदार फुटवा ठेवा, बाकीचे काढा आणि पेन्सिलीएवढा जाड झाला की माळ्याकडून पावसाळ्यात त्याच्यावर चिकू बांधून घ्या. मुळं जमिनीत बसलेली असल्यामुळे नव्या कलमापेक्षा ते लवकर उठेल. आणि सहापैकी एखादं तसं निघालं आणि तुमच्या बांधाच्या टोकाला जागा असेल, तर ते एक तसंच वाढू द्या. शहाद्याच्या बाजारात खिरणीला अजून गिऱ्हाईक आहे.